अर्धा सोडलेला बोर्ड

प्रिय दादा,

काल दुपारी मी बबनरावांना फोन केला. वणीचे बबनराव, कोळशाच्या ट्रकवरचे. त्यांना तू कधी प्रत्यक्ष पाहिलं नाहीस, तरी जवळजवळ वर्षभर रोज त्यांच्याशी मोबाईलवर कॅरम खेळलास. हा फोन मी दहा महिने टाळत होते. काल केला, आणि तेव्हापासून कोणाला तरी सगळं सांगावं असं झालंय. वहिनीला अर्धं सांगितलं, अर्धं सांगताना रडूच आलं. शिवाय जे काही मी करून ठेवलं ते तुझ्याच नावावर केलं, मग हिशेबानं पहिली खबर तुलाच मिळायला हवी ना?

तू हसशील. तुझी बहीण शाळेत मूल्यशिक्षणाचा तास घेते. फळ्यावर मोठ्या अक्षरात 'खिलाडूवृत्ती' लिहून खाली दोन रेघा मारते. आणि घरी येऊन काय करते, ते वाच आता.

सुरुवात मात्र माझ्या गुन्ह्यापासून नाही, बोंडअळीच्या वर्षापासून करावी लागेल. त्या हिवाळ्यात जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्या यायच्या त्या रडत यायच्या. ढिगात हात घातला की गुलाबी अळ्या. निम्मी बोंडं उघडलेलीच नाहीत, उघडली ती डागलेली. तू फिटर. सरकी काढणारे रेचे तुझ्या हातानं चालायचे. एरवी हंगामात तुझं तोंड दिसायचं नाही, आणि त्या वर्षी जिनिंग आठवड्यातून दोन दिवस चालू लागलं. बाकीचे दिवस तुम्ही सगळे कामगार पत्र्याच्या सावलीत कॅरम घेऊन बसायचात. मी एकदा तुझा डबा घेऊन आले तर इतकी शांतता, की सोंगटी होलमध्ये पडल्याचा आवाज फाटकापर्यंत आला.

तेव्हा मी तुमची ती पद्धत पहिल्यांदा नीट पाहिली. तू जिंकलास आणि उठलास. मला वाटलं, आता जेवणार. तर तू फडक्यानं बोर्ड पुसलास, पावडर टाकलीस, काळ्या-पांढऱ्या सोंगट्या गोल लावल्यास, मधोमध राणी ठेवलीस आणि स्ट्रायकर हरलेल्यासमोर सरकवलास. मी म्हटलं, हा काय प्रकार? जिंकायचं तू आणि राबायचंही तूच?

"जितला त्यानं बोर्ड लावाचा," तू म्हणालास. "हारलेल्याचा हात तापला रायते, कुंदे. त्याले तेवढ्यात च्या पिऊ द्याचा."

कोणी ठरवलं होतं हे? तुला विचारलं तर तू म्हणालास, आमच्या आधीच्या लोकांनी. त्यांना विचारलं असतं तर तेही तेच म्हणाले असते. दारव्ह्याच्या त्या एका आवारापलीकडे ही पद्धत मी कुठेही पाहिली नाही.

माझी पद्धत तुला माहीतच आहे. नऊ वर्षांची असताना हरायला लागले म्हणून बोर्डच उलटा केला होता. सोंगट्या खाटेखाली, चुलीपाशी, एक तर मोरीत गेलेली. तू ओरडला नाहीस. एकेक गोळा केलीस, कुठली कुठे होती ते आठवून तशीच मांडलीस, माझ्या दंडाला धरून खाली बसवलंस आणि म्हणालास, "अजून तीन बाकी हायेत. हारून घे, मंग जा." मी हरले, मग गेले. पण शिकले का? अजिबात नाही. हरताना उठून जाण्याची माझी खोड लग्नानंतरही सुटली नाही. सासरच्यांनी पत्त्यांचा डाव मांडला की नवरा आधी दाराला कडी लावायचा.

मग त्याच हिवाळ्यात नेट स्वस्त झालं आणि जिनिंगमधल्या प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला. तुझ्याही. मी तुला तो कॅरमचा खेळ टाकून दिला. समोर कोण बसलंय ते दिसत नाही, फक्त नाव आणि एवढासा गोल फोटो. कोण नागपूरचा, कोण पार बिहारचा. पहिला डाव तू जिंकलास आणि तुझे हात बोर्ड लावायला पुढे झाले. तोवर सोंगट्या आपोआप गोल लागूनही गेल्या होत्या. तुझा चेहरा असा पडला, की मला वाटलं तू हरलास.

"हा त आपोआपच लागून राह्यला," तू म्हणालास. "मंग मी काय करू?"

लोक काय करतात ते मी तुला दाखवलं. जिंकलं की हसणारं तोंड पाठवायचं, समोरचा चुकला की टाळ्या वाजवायच्या, हरायला लागलं की सरळ बाहेर पडायचं. एक बटण दाबलं की संपलं. ना कोणाचं तोंड पाहायला लागत, ना कोणी दंडाला धरून बसवत. खोटं कशाला बोलू, मला तो खेळ माझ्यासाठीच कोणीतरी बनवल्यासारखा वाटला होता.

तू त्यातलं एकही तोंड कधी पाठवलं नाहीस. डाव संपला की ग्रीसनं काळं झालेलं बोट पँटीला पुसायचास आणि एकेक अक्षर शोधत लिहायचास, 'छान खेळलात. हात चांगला आहे.' हे लिहायला तुला इतका वेळ लागायचा की समोरचा केव्हाच निघून गेलेला असायचा. तरी तू वाक्य पुरं करायचास, पूर्णविरामासकट. मी चिडवायची, की दादा, हे कोण वाचणार आहे? "मी वाचतो ना," तू म्हणायचास आणि पुढच्या डावाला लागायचास.

पण कोणीतरी थांबायचं. दहातला एक का होईना, थांबायचा. बबनराव त्यातले पहिले. खाणीवर ट्रक भरायला रांगेत उभे राहिले की चार-चार तास हलता यायचं नाही, म्हणून केबिनमध्ये बसून खेळायचे. तुमचं जमलं ते जमलंच. ते तुला 'उस्ताद' म्हणायचे. तुम्ही दोघं दुपारभर एकमेकांना हरवायचात, आणि मधे मधे खाणीवरच्या रांगेची आणि कापसाच्या गाड्यांची विचारपूस व्हायची. तू त्यांना तुझा नंबर दिलास, त्यांचाही घेतलास, 'बबनराव कॅरम वणी' असा लिहून ठेवलास. कधी वणीकडे जाणं झालं तर भेटू, असं ठरलं होतं. का गेला नाहीस रे? एसटीनं एका दिवसाचं काम होतं. उद्या जाऊ, पुढच्या महिन्यात जाऊ. कामं उरकायला तुझ्याइतका चोख माणूस नाही आणि स्वतःच्या हौसेला तुझ्याइतका आळशी नाही.

आणि मग तू गेलास. दसऱ्याच्या आधी, नव्या हंगामासाठी रेचे उघडून साफ करता करता, छातीवर हात ठेवून खाली बसलास म्हणे. सुऱ्या काढून ठेवलेल्या, रोलर बाहेर. आयुष्यात तू अर्धवट टाकलेलं ते एकच काम. त्याचा मला फार राग आला होता, दादा. मेलेल्या माणसाचा राग येतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

तेरवी झाली. तुझा फोन वहिनीनं चार्जिंगला लावून ठेवला होता, कोणाचा फोन येईल म्हणून. दुसऱ्या दिवशी मी तो सहज हातात घेतला आणि खेळ उघडला. दादा, तिथे अकरा जण तुझी वाट बघत होते. 'उस्ताद, कुठे आहात?' 'भाऊ, तब्येत बरी ना?' 'आज पण नाही आले?' सगळ्या जगाला कळलं होतं, पेपरात आलं होतं, गावात दुखवटा झाला होता, आणि या एवढ्याशा चौकोनात तू अजून जिवंत होतास. कोणीतरी तुझ्या येण्याची वाट बघत होतं. मला सांग, मी तिथे काय लिहायला हवं होतं? एक ओळ पुरली असती. माझ्याच्यानं ती लिहवली नाही.

मी लिहिलं, 'आलो.'

तिथून महिनाभर मी तू होते. शाळा सुटली की वहिनीकडे जायची, चहा होईपर्यंत तुझ्या नावानं खेळायची. लोक खूश व्हायचे. मी 'छान खेळलात' लिहायची, तुझ्यासारखाच पूर्णविराम द्यायची. हरले तरी कसंबसं शेवटपर्यंत बसायची. वर तुझं 'मनोहर' दिसायचं ना, त्याची लाज वाटायची. तुला आवडलं असतं की नाही कोण जाणे. मला मात्र तेवढा अर्धा तास बरं वाटायचं, हे खरं आहे.

मग दिवाळीनंतरचा तो दिवस. जिनिंगचा हंगाम सुरू झाला होता. मी तिथून आले होते. तुझ्या जागी नवा फिटर आला होता, पोरगेलासा, आणि तो तुझा पाना वापरत होता. त्यात त्याचा काय दोष? पण माझं डोकं फिरलं होतं. वहिनीकडे येऊन खेळ उघडला, समोर बबनराव. माझा एकही नेम लागेना. त्यांनी राणी घेतली, कव्हरही केलं, आणि नेहमीसारखं लिहिलं, 'काय उस्ताद, आज हात गारठला का?'

रोजची थट्टा होती, दादा. तू असतास तर हसला असतास. मला वाटलं, हा मेलेल्या माणसाच्या हाताला गार म्हणतोय. त्या माणसाला काय माहीत? माझ्या बोटांनी जे लिहिलं ते मी इथे जसंच्या तसं लिहिते, कारण लपवून काही उपयोग नाही. मी लिहिलं, 'तुझ्यासारख्या कोळसा वाहणाऱ्या डायव्हरसोबत बसून माझा हात खराब झाला. पुन्हा तोंड दाखवू नको.' आणि बाहेर पडले. पाच सोंगट्या बाकी असताना.

तुझ्या नावानं. तुझ्या फोटोखाली. मी, मूल्यशिक्षणाची बाई.

त्यानंतर बबनरावांचा एकही निरोप आला नाही. मी तो खेळ पुन्हा उघडला नाही. स्वतःला सांगितलं, मोबाईलवरची माणसं, आज आहेत उद्या नाहीत, त्याचं काय एवढं. शाळेतल्या पोट्ट्यांनी असं उत्तर दिलं असतं तर मी त्यांना बाकावर उभं केलं असतं.

वहिनीला कळलं ते चैत्रात. ती तुझे जुने निरोप वाचत बसायची. तुझं 'छान खेळलात' वाचायला तिला आवडायचं, कारण घरात तू इतकं गोड कधी बोलला नाहीस. वाचता वाचता ती तिथे पोचली. मी गेले तर तिनं फोन माझ्यासमोर धरला.

"कुंदाताई, हे त्याईनं लिहिलं नाई. तारीख पाहा. त्याईले जाऊन दीड महिना झालता."

मी फोन तिच्या हातातून घेऊन पालथा ठेवला.

"मी तुम्हाले काही म्हणत नाई," ती म्हणाली. "माहाही जीव असाच जळत होता. पण तो माणूस काय समजत असन? मनोहरभाऊ असे निघाले, असंच ना? गेलेला माणूस येऊन सांगणार हाय का, का मी नाई बोललो म्हणून?"

वहिनी तुझ्यासारखीच आहे, आवाज न वाढवता माणसाला जमिनीत गाडते. पण तिचं बरोबर होतं. तुझ्या मागे शेत नाही, बंगला नाही. मागे राहिलं ते एवढंच, की हा माणूस वागायला चांगला. ते मी एका ओळीत घालवलं होतं, आणि ज्याच्यासमोर घालवलं त्याला तू गेल्याचंही माहीत नव्हतं.

तरी मी आणखी पाच महिने काढले. तुझाच फोन घ्यायची, नंबर लावायची, एक रिंग गेली की कापायची. तीनदा असं झालं. माफी मागायची भीती वाटत होती असं नाही. 'दादा गेला' हे मला माझ्या तोंडानं, तो जिवंत आहे असं समजणाऱ्या माणसाला सांगायचं होतं. ते सांगितलं की संपलं.

काल रविवार. वहिनी पोळ्या लाटत होती. मी तुझ्याच फोनवरून नंबर लावला आणि या वेळी फोन दोन्ही हातांनी धरून ठेवला. उचलला गेला. मागे ट्रकचं इंजिन घुरघुरत होतं. मी तोंड उघडायच्या आत तिकडून आवाज आला.

"बोला, ताई."

मला वाटलं चुकीचा लागला. मी म्हटलं, "बबनराव का? मी दारव्ह्याहून..."

"हाव, मालूम हाय. मनोहरभाऊची बहीन ना तुम्ही? जरा थांबा, गाडी बंद करतो."

इंजिन बंद झालं. मी तोवर पाठ केलेलं सगळं विसरले होते. एवढंच म्हणाले, "दादा गेला. मागच्या दसऱ्याआधीच गेला. आणि तुम्हाले जे वाईट लिहिलं, ते त्यानं नाही लिहिलं. मी लिहिलं."

"मले त्याच दिवशी समजलं, ताई."

"कसं?"

"बोर्ड अर्धा सुटला ना. भाऊ एक डाव सोडून कधी गेले नाई. एकदा त्याईची एकबी सोंगटी गेली नवती, माही एकच बाकी होती. मी म्हनलं, भाऊ, जा आता, जेवाले जा. त म्हने, नाई, हारून घेतो, मंग जातो. असा माणूस मंधातून उठून जाईन का? म्या मोबाईल खाली ठेवला अन् गाडीवरच्या किनर पोराले म्हनलं, आपले उस्ताद वारले."

वहिनी लाटणं हातात घेऊन समोर उभी होती. मी विचारलं, पण मी होते हे कसं कळलं?

ते हसले, दादा. बेतानं हसले, दुःखाच्या घरात हसावं तसं. "भाऊ सांगे ना. म्हने, आमच्या घरी हारलं का उठून जाणारं एकच मानूस हाय, माही लहान बहीन. म्हने, तिच्याशी कोणी खेळत नाई, पण तिच्यासारखी माया कोणाची नाई. थे वाचलं अन् मी वळखलं, ताई रडून राह्यल्या."

मी आयुष्यातली सगळ्यात घाण शिवी दिली, आणि त्या माणसानं ती रडणं म्हणून वाचली. का? तर तू आधीच त्याला सांगून ठेवलं होतंस. मी बोर्ड उलटा करायच्या आधीच तू सोंगट्या वेचून ठेवल्या होत्यास. किती लोकांना सांगितलं होतंस रे माझ्याबद्दल?

मी विचारलं, मग इतके महिने तुम्ही गप्प का राहिलात? तर म्हणाले, "दुखाच्या घरी आपून काय विचाराचं? म्हनलं, जमन तवा ताई सोता फोन करतीन." आणि मग खाणीवरची रांग पुढे सरकली म्हणून त्यांना जावं लागलं.

संध्याकाळी मी तुझ्या फोनवरून बाकीच्या सगळ्यांना एक-एक ओळ लिहिली, की मनोहर गेला, मी त्याची बहीण, महिनाभर तुम्ही माझ्याशी खेळलात, माफ करा. काहींनी केव्हाच खेळ सोडला असेल, काहींची उत्तरं आली. एकानं लिहिलं, त्यांनीच मला हरल्यावर थांबायला शिकवलं. वहिनीनं ते तीनदा वाचून घेतलं. मग तिनं तुझा फोन घेतला आणि म्हणाली, मलाही शिकवा हा खेळ. पहिल्याच डावात तिनं स्ट्रायकर चार वेळा होलमध्ये घातला आणि रात्रीच्या वरणाला उशीर केला.

यंदा कापूस बरा आहे, दादा. लोकांनी गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्या वेळेत उपटल्या, अळी अजून तरी दिसलेली नाही. तो नवा फिटर बरा निघाला. कॅरमच्या वेळी बोर्ड कोण लावतो, हे मी अजून जाऊन पाहिलं नाही. जाईन.

मोबाईलवर मी माझ्या नावानं खातं उघडलंय, माझ्या फोटोसकट. आज सकाळी बबनराव खेळायला आले आणि त्यांनी मला सरळसरळ हरवलं, दयामाया न दाखवता. अर्ध्यावर माझा अंगठा त्या बाहेर पडायच्या बटणावर गेला होता, तुझी शपथ. पण मी बसले.

तर दादा, एवढं कबूल करते. यापुढे जे काही बोलेन, गोड किंवा कडू, ते माझ्याच नावानं बोलेन. मी हरणार आहे, भरपूर हरणार आहे, कारण माझा नेम तुझ्यासारखा नाही. पण समोरच्याची शेवटची सोंगटी जाईपर्यंत जागची हलणार नाही, आणि हरले की आधी 'छान खेळलात' लिहीन. समोर कोणी वाचायला असो वा नसो.

हारली की उठून जाणारी, तुमच्या घरातली ती एकच,
कुंदा